आधी उंबरा ओलांड

प्रिय मुली,

परवा तू वही उघडून बसलीस. डाव्या पानावर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, उजव्या पानावर एम.ए. सायकॉलॉजी, खाली पगाराचे आकडे. तुझी आई समोर होती म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते.

आजवर किती परक्या घरांत गेली आहेस तू? लग्नकार्याची धरू नकोस. एकही नाही ना? मग मनाबद्दल आणि समाजाबद्दल आत्ताच कसला निवाडा करतेस? आधी उंबरा ओलांड.

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. फिटचा आजार असलेली एक पोरगी सारखी दाखल व्हायची, गोळ्या चुकायच्या. केसपेपरवर मी तीनदा लिहिलं, ‘पालकांचं सहकार्य नाही.’ अक्षर सुंदर होतं माझं. चौथ्या वेळी पर्वतीच्या उतारावर, तिच्या जनता वसाहतीत चढून गेले. आई पहाटे पाचला धुणीभांड्यांना बाहेर पडायची आणि सकाळची गोळी द्यायचा सहा वर्षांचा भाऊ. त्याला घड्याळ कळत नव्हतं. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आईच्या निघण्याआधी आणली, एवढंच. पण त्या तीन वेळा मी खुर्चीतून उठले नाही म्हणून ती पोरगी आजारी पडली होती, हे अजून टोचतं.

आता तुझे आकडे. नुसतं एम.ए. करून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही, हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही? पुढचं प्रशिक्षण लागतं, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समाजकार्याकडेही तेच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.वर दोन वर्षांचं एम.फिल. झालेला माणूस. म्हणजे वाटा दोन्ही लांबच्या, आणि मनापर्यंत दोन्ही जातात. फरक एवढाच, की एम.एस.डब्ल्यू.त फील्डवर्क पहिल्या वर्षापासून. कर्वे समाज सेवा संस्था तर तुझ्या घराजवळच आहे, जाऊन मुलींना विचार, पाय किती दुखतात ते.

वडील म्हणतात, समाजकार्य म्हणजे देणग्या मागत हिंडणं. म्हणू देत.

मी एम.फिल. केलं नाही. घरच्या अडचणी होत्या, असं सगळ्यांना सांगते. थोड्या होत्याही. खरं म्हणजे प्रवेश परीक्षेला घाबरले. माझी एक मैत्रीण त्या वाटेने गेली, माझ्या तिप्पट कमावते. हेवा वाटतो, का नाही वाटणार? पण तिच्याकडे येणारा माणूस फी हातात घेऊन येतो. माझा यायचाच नाही, त्याच्याकडे मलाच जावं लागायचं. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. तुला सायकॉलॉजीच करायचं असेल तर जरूर कर. पण समोर बसलेली बाई ‘झोप येत नाही’ म्हणाली, की तिच्या खोलीत झोपायला जागा किती आहे हे तुला सुचलं पाहिजे. ते पुस्तकातून सुचत नाही ग. उंबरा ओलांड.

शनिवारी सकाळी नऊला मी वसाहतीत जाणार आहे. निवृत्त झाले तरी जाते, गुडघे कुरकुरतात. पर्वतीच्या पायथ्याशी थांब. बूट घाल, वरच्या पायऱ्या ओल्या असतात. वही घरीच ठेव.

— मावशी