रिपोर्ट नॉर्मल, तरी मामा वाळत चाललेत

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यांचं वजन ५३ किलो होतं. फेब्रुवारीत न्यूमोनियामुळे आठवडाभर दवाखान्यात होते. आता एप्रिलमध्ये त्याच काट्यावर ४८ भरलं. पूर्वी दोन भाकऱ्या सहज खायचे, आता एकही संपत नाही. घरात फिरतात, पण बाहेर पडत नाहीत. डोकं मात्र एकदम तल्लख आहे. शुगरची गोळी चालू आहे, म्हणून भात, केळी, गूळ सगळं बंद केलंय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, अल्ब्युमिन ३.८ आहे. शेजारी म्हणतात, वय झालं की माणूस वाळतोच. प्रोटीन पावडर सुरू करू का?
– एक सून, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही दोन्ही वजनं लिहून पाठवलीत याचा मला फार आनंद झाला. बहुतेक पत्रांत नुसतं ‘बारीक झालेत’ एवढंच असतं. ५३ वरून ४८ म्हणजे तीन महिन्यांत सुमारे साडेनऊ टक्के घट. ठरवून कमी केलेलं नसताना सहा महिन्यांत पाच टक्के वजन गेलं, तरी आम्ही आहारतज्ज्ञ सावध होतो. मामांचं त्याच्या जवळपास दुप्पट गेलंय, तेही निम्म्या वेळात. वयाने माणूस थोडा उतरतो हे खरं, पण तो असा तीन महिन्यांत उतरत नाही. शेजाऱ्यांचं या बाबतीत अजिबात ऐकू नका.

आता अल्ब्युमिन. हे प्रथिन लिव्हर तयार करतं. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते खाली येतं, मग माणूस भरपेट जेवत असला तरी. उलट, महिनोन्‌महिने कमी खाणाऱ्या माणसाचंही ते नॉर्मल राहू शकतं. त्यामुळे ३.८ हा आकडा मामांच्या पोटात काय जातंय याबद्दल काहीच सांगत नाही. कागदावर ‘नॉर्मल’ दिसलं की घरचे निश्चिंत होतात आणि तिकडे माणूस झिजत राहतो, हे मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. कॉटजवळ गेले की मी फाइलच्या आधी परत चाललेलं ताट बघते.

वृद्धांसाठी ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ नावाची एक पद्धत आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत सहाच प्रश्न आणि एकूण १४ गुण असतात. १२ किंवा जास्त असतील तर ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. तुमच्या पत्रावरूनच मी मामांचे गुण काढले. जेवण कमी झालंय : २ पैकी १. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन गेलं : ३ पैकी ०. घरात फिरतात पण बाहेर जात नाहीत : २ पैकी १. गेल्या तीन महिन्यांत मोठं आजारपण : २ पैकी ०. स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य नाही असं धरून २ पैकी २. झाले ४. सहावा प्रश्न उंची-वजनाच्या गुणोत्तराचा. पाठीला बाक आला असेल तर उंची नीट मोजता येत नाही, तेव्हा पोटरीचा घेर घेतात. मामांना खुर्चीत बसवा, पाय जमिनीवर टेकलेले, आणि शिंप्याच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. ३१ सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर ३ गुण, कमी भरला तर शून्य. पायावर सूज असेल तर हे माप फसवं, आणि वजनही. पण पोटरी चांगली निघाली तरी बेरीज ७ च होते. म्हणजे वाट बघत बसण्यासारखी स्थिती नाही.

आधी कारण शोधायला हवं. सुताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाचा खोकला ‘जुनाच आहे’ म्हणून सोडून दिला जातो. खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. कवळी बघा. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी सैल होते, आणि मग आपली कडक भाकरी चावणं ही शिक्षाच. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तिनेही काहींची भूक जाते, आणि ती बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला हवं. पाणी पिताना ठसका लागतो का, हे बघा. आणि मन. ते एकटे जेवतात का? तुम्ही लिहिलं नाहीत. बायको गेल्यावर जेवणावरची वासना उडालेले कितीतरी पुरुष मला भेटतात, आणि ‘भूक नाही’ यापलीकडे ते एक शब्द बोलत नाहीत. तसं असेल तर वरचे दोन गुणही कमी होतील.

पथ्याबद्दल स्पष्ट बोलते. चाळिशीतल्या जाड माणसाचं पथ्य ४८ किलोच्या म्हाताऱ्याला लावू नये. भात-केळं थोडं परत सुरू करण्याबद्दल, गोळीच्या डोसबद्दल डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

पावडर वाईट नाही, पण जेवणाआधी पेलाभर दिलीत तर उरलीसुरली भूकही मरेल. मामांना रोज किमान ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आजारातून उठल्यामुळे थोडी जास्तच (किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच). कपभर दुधात साधारण ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७. ताजी मऊ भाकरी दुधात किंवा घट्ट आमटीत कुस्करून द्या, वर तुपाचा चमचा. शेंगाची चटणी कोरडी नको, दह्यात कालवून. आमटीत दाण्याचं कूट, दुपारी हुलग्याचं माडगं, रात्री मऊ खिचडी आणि अंडं चालत असेल तर उकडून. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. त्यांनी चार-पाच दिवस जवळपास काहीच खाल्लं नसेल, तर घरी एकदम भरवायला जाऊ नका. अशा वेळी रक्तातले क्षार अचानक कोसळू शकतात, म्हणून दवाखान्यातच सुरुवात करावी.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळून आहे. काट्यावर उभी करता येत नाही. वजन कसं कळणार?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दंड मोजा. डाव्या हाताचं कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा, मग हात सरळ सैल सोडून तिथला घेर घ्या. टेप आवळू नका. २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वजन उंचीच्या मानाने कमी असण्याची दाट शक्यता आहे. दर महिन्याला त्याच हाताचं माप घेऊन कॅलेंडरवर लिहा. घेर दहा टक्क्यांनी घटला तर वजनही साधारण तेवढंच घटलंय असं समजून डॉक्टरांना दाखवा. आणि कूस बदलताना माकडहाड, टाचा रोज बघत जा. मांस उतरलं की तिथे जखमा लवकर होतात.