तलावाला दीपगृह कशासाठी?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना मिनेसोटा राज्यात, लेक सुपिरिअरच्या काठी, कड्यावर उभे असलेले स्प्लिट रॉक दीपगृह पाहिले. गोड्या पाण्याच्या तलावाला दीपगृहाची गरज का भासली? शिवाय मनोरा इतका ठेंगणा कसा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला गोंधळ ‘तलाव’ या शब्दामुळे झाला आहे. लेक सुपिरिअरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या संपूर्ण कोकण विभागाच्या अडीचपटीहून अधिक आहे आणि त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. उत्तर काठावरच्या बंदरांतून लोहखनिज भरून निघालेली जहाजे नोव्हेंबरच्या वादळात सापडली, की त्यांची अवस्था भर समुद्रातल्या जहाजांसारखीच होते. त्यातच या भागातील लोहयुक्त खडकांमुळे होकायंत्राची सुई भरकटत असे, त्यामुळे खलाशांना काठावरच्या खुणेचाच आधार उरे.

२८ नोव्हेंबर १९०५ रोजी झालेल्या वादळात २९ जहाजांचे नुकसान झाले. त्यांपैकी ‘मदीरा’ हे जहाज तर आपण पाहिलेल्या कड्याच्या जवळच खडकांवर आदळून बुडाले. जहाजमालकांनी दीपगृहाची मागणी लावून धरली, १९०७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ७५,००० डॉलर मंजूर केले आणि १९१० च्या उन्हाळ्यात दिवा लागला. तेव्हा तेथे रस्ता नव्हता. विटा, लोखंड, भिंगे असे सारे सामान बोटीने आणून वाफेच्या यारीने कड्यावर चढवावे लागले. त्या कामगारांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

मनोऱ्याची उंची साडेसोळा मीटरच आहे, कारण उरलेली उंची कड्याने आयती दिली आहे. दिवा पाण्यापासून सुमारे ५१ मीटर उंचावर येतो. मात्र खरे पाहण्यासारखे आहे ते पॅरिसमध्ये घडवलेले फ्रेनेल भिंग. शिंपल्याच्या दोन शिंपा समोरासमोर धराव्यात तशा त्याच्या दोन बाजू असून, चोहोकडे विखुरणारा प्रकाश लोलकांच्या साहाय्याने एकत्र आणून त्याचे दोन झोत केले जातात. हे जड भिंग पाऱ्यावर तरंगत असल्यामुळे घर्षण नाममात्र राहते आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाप्रमाणे खाली उतरणाऱ्या वजनांच्या बळावर ते सावकाश फिरते. बाजू दोन असल्याने वीस सेकंदांच्या एका फेरीत झोत दोनदा दिसतो. ‘दर दहा सेकंदांनी एक चमक’ हीच या दीपगृहाची ओळख होती. आत प्रारंभी रॉकेलवर चालणारा, आपल्याकडच्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीसारखा जाळीचा दिवा होता. १९४० मध्ये वीज आली, तोपर्यंत रक्षकांना वजने पुन्हा पुन्हा वर ओढण्याबरोबरच त्या दिव्यावरही रात्रभर लक्ष ठेवावे लागे.

रडारसारखी साधने आल्यावर १९६९ मध्ये दीपगृह बंद झाले. आज ते मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या देखभालीखाली आहे. मात्र १० नोव्हेंबर १९७५ रोजी याच तलावात ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे जहाज २९ जणांसह बुडाले, त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला एकेकाचे नाव वाचून घंटा वाजवतात आणि नंतर दिवा लावतात. पुन्हा मुलीकडे जाणे झाले, तर शक्यतो ही तारीख साधावी, कारण अंधार पडल्यावर मनोऱ्यात चढून पेटलेला दिवा जवळून पाहण्याची संधी त्याच संध्याकाळी मिळते.