एस. पंचरत्नम यांनी प्रकाशशास्त्रात नेमकं काय काम केलं?

पंचरत्नम (1934–1969) हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. बंगळूरला रामन यांच्याच संस्थेत त्यांनी स्फटिकांतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशावर (ज्याची कंपनं ठराविक पद्धतीनेच होतात अशा प्रकाशावर) संशोधन केलं. वेगवेगळ्या रंगांना जवळपास सारखीच चालणारी पाव-तरंग पट्टी (प्रकाशाच्या एका घटकाला दुसऱ्यापेक्षा पाव तरंग मागे टाकणारी स्फटिकाची पट्टी) त्यांनी 1955 मध्ये मांडली, तीही मोलाची आहे. पण माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं काम 1956 च्या निबंधातलं.

समजा, आडव्या ध्रुवणाचा प्रकाश आधी 45 अंशांच्या ध्रुवकातून (ठराविक ध्रुवणाचाच प्रकाश सोडणाऱ्या गाळणीतून), मग वर्तुळाकार ध्रुवण देणाऱ्या ध्रुवकातून आणि शेवटी पुन्हा आडव्या ध्रुवकातून नेला. ध्रुवण मूळ जागी आलं, पण तरंगाची कला (तरंग आपल्या आवर्तनात कुठे आहे ते) मात्र सरकलेली असते. काचेची जाडी वगैरे हिशेबातून वजा केली तरी ही सरक उरतेच! ध्रुवणाच्या सगळ्या अवस्था प्वाँकारे गोलावर बिंदूंनी दाखवतात. आपल्या तीन बिंदूंचा त्रिकोण त्या गोलाचा आठवा भाग व्यापतो. त्याच्या घनकोनाच्या (गोलाच्या केंद्रातून दिसणाऱ्या त्याच्या विस्ताराच्या) निम्मी, म्हणजे 45 अंश, ही सरक. वाटेचा आकारच कला ठरवतो, ही कल्पना त्यांना विशीच्या सुरुवातीलाच सुचली होती, हे विलक्षण आहे.

पुढे म्हैसूरला अध्यापन, मग ऑक्सफर्ड. तिथेच वयाच्या 35 व्या वर्षी ते गेले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी 1984 मध्ये पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) अशीच कला मांडली. भौतिकशास्त्रज्ञ रामशेषन आणि नित्यानंद यांनी 1986 मध्ये पंचरत्नम यांच्या जुन्या निबंधाशी तिचं नातं दाखवलं. बेरींनीही 1987 मध्ये पंचरत्नम यांच्या कामावर स्वतंत्र लेख लिहिला. आज सपाट भिंगांच्या रचनेत हीच कला वापरतात.