मे महिन्यातला पुण्याचा आठवडा: मैत्रिणी, खरेदी आणि मुलांची भटकंती कशी बसवायची

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सोमवारी सकाळी इंदूरहून पोचताय, रविवारी दुपारच्या गाडीने परत, मुक्काम वनाजला नणंदेकडे. बरोबर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि अकरा नि सहा वर्षांची मुलं. कॉलेजच्या मैत्रिणी तीन दिशांना, चिंचवड, विमाननगर आणि सिंहगड रोड, शिवाय सदाशिव पेठेतल्या तुमच्या शाळेच्या बाई. त्यात लक्ष्मी रोड-तुळशीबागेची खरेदी, मुलांना सिंहगड दाखवायचाय आणि जाताना आंबे न्यायचेत. हे सगळं बसेल का, असं विचारलंय.

बसेल. पण तुम्ही जो तक्ता टाकलाय तसा नाही बसणार. त्यात रोज सकाळी एखादं ठिकाण, भर दुपारी खरेदी आणि रात्री साडेआठनंतर मैत्रिणीकडे असं दिसतंय. म्हणजे ज्यांना भेटायला एवढ्या लांबून येताय त्यांच्या वाट्याला उरलासुरला वेळ, मुलं पेंगलेली, सासूबाई थकलेल्या आणि तुमचं अर्धं लक्ष परतीच्या रिक्षेकडे. मी तरी आधी मैत्रिणींचे दिवस पक्के करीन आणि बाकी सगळं त्यांच्या भोवती लावीन. एका दिवसाला शहराची एकच बाजू, सकाळी लवकर त्या बाजूचं एखादं ठिकाण, आणि साधारण अकरा ते पाच त्या बाजूच्या मैत्रिणीच्या घरी. मे महिन्यात पुण्यात बारा ते चार रस्त्यावर असायचंच नाही हो, त्यात विमाननगर-लोहगावची बाजू आणखी तापते. तेच घरात पडदे ओढून सतरंजी टाकली की सासूबाईंना पाठ टेकता येते, मुलं कॅरम नाहीतर पत्ते घेऊन बसतात, आणि खऱ्या गप्पा अशा दुपारीच होतात. मैत्रिणीलाही आधी सांगून ठेवा की जेवायला साधा वरणभात-आमरस कर, तू ओट्याशी उभी नको, आमच्यात बस. नोकरी करणारी असेल तर एक दिवस रजा काढ म्हणून हक्काने सांगा, महिनाभर आधी सांगितलं तर काढतात लोक.

जाण्यायेण्याचं. तुम्ही पुणं सोडलंत तेव्हा मेट्रो नव्हती आणि आता तुम्ही नेमक्या वनाजला उतरताय, हे फार बरं झालंय. वनाज ते रामवाडी ही एक लाइन आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही दुसरी, गाडी बदलायची ती जिल्हा न्यायालय स्टेशनला. स्वारगेटकडचा भुयारी भाग सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला आणि त्यातलं एक स्टेशन थेट मंडईत निघतं, म्हणजे तुळशीबागेसाठी पार्किंग शोधत फिरायची गरजच संपली. स्टेशनांना लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सासूबाईंना चढउतार नाही. फक्त जिल्हा न्यायालयाला गाडी बदलताना वरून बरंच खाली जायचं असतं, तिथे मुलांचे हात धरून सावकाश जा, पुढची गाडी मिळतेच.

सोमवारी काहीच ठेवू नका. प्रवासाचा शीण असतो आणि पेठांमधली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. संध्याकाळी उन्हं उतरली की फार तर सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जाऊन या, शेजारीच पेशवे उद्यान, तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी बघून धाकटा खूश होईल. 1956 पासूनची गाडी आहे, तुमच्या नणंदेनेही लहानपणी त्यात बसून घेतलं असेल.

मंगळवारचा पूर्ण दिवस जुन्या शहरातल्या पेठांना द्या. या दिवसाबद्दल जरा जास्त लिहिते कारण माझा जीव तिथेच आहे. साडेनऊ-दहाला मंडई स्टेशनला उतरा आणि आधी मुलांना मंडईची इमारत दाखवा, ती अष्टकोनी आहे, मधे उंच मनोरा, ब्रिटिशांच्या काळात तिचं नाव रे मार्केट होतं आणि नंतर महात्मा फुले मंडई झालं. आत भाजीचे गाळे बघत एक चक्कर मारा, या दिवसांत लोणच्याच्या कैऱ्या, करवंदं, जांभळं, फणसाचे गरे सगळं असतं. मग तुळशीबाग. संध्याकाळी नि रविवारी तिथे मुंगीलासुद्धा वाट नसते, पण अकराच्या आत गेलात तर दुकानदार निवांत बोलतात, चार वस्तू काढून दाखवतात. मुलीसाठी पितळी भातुकली घ्या, छोटं जातं, बंब, पोळपाट-लाटणं, शेगडी, सुट्टं सुट्टंही मिळतं. निरांजनं, समया, ताम्हन, पळी-पंचपात्र हेही इथेच, फक्त समई घेताना हातात घेऊन वजन बघा आणि फिरकीचे आटे नीट बसतात का ते जोडून बघा. आत राममंदिर आहे तिथे मुद्दाम पाच मिनिटं बसा. एवढ्या बाजाराच्या पोटात इतकं शांत अंगण आहे आणि खरेदीच्या नादात लोक तिथपर्यंत जातच नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता एक विनंती. नुसत्या तुळशीबाग-लक्ष्मी रोडवर थांबू नका. पेठांच्या आळ्या अजून जित्या आहेत आणि तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीला कुठल्याही मॉलपेक्षा त्यात जास्त बघायला मिळेल. कसब्यातल्या तांबट आळीत अजून तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालणारे कारागीर बसलेले असतात, आवाज आधी ऐकू येतो आणि मग आळी दिसते. एकेका ठोक्याने पत्रा कसा घट्ट होत जातो आणि वर त्या चमकत्या टिकल्या कशा उमटतात ते मुलांना समोर बघू दे, पाणी प्यायचा तांब्या घ्यायचा तर तिथूनच घ्या. बुरूड आळीत सुपं, परड्या, टोपल्या, बोहरी आळीत मणी, दोरे, कागद, हार्डवेअर असं काय वाट्टेल ते. हे कारागीर म्हणजे बघायच्या वस्तू नाहीत, त्यामुळे फोटो काढायच्या आधी विचारायचं आणि एखादी लहानशी वस्तू तरी विकत घ्यायची. सकाळचा वेळ थोडा असेल तर तांबट आळी एवढी नक्की करा, बाकीच्या राहिल्या तरी चालतील.

साडेबाराच्या सुमाराला बाईंकडे. वयस्कर माणसांची दुपारची झोप मोडू नये म्हणून फोन सकाळी करून ठेवा आणि जेवण त्यांच्याकडे न ठेवता तुम्ही बाहेर उरकून घ्या. दीड तास बसा आणि मग त्यांना विश्रांती घेऊ द्या. तिथून राजा दिनकर केळकर संग्रहालय अगदी जवळ आहे, बाजीराव रस्त्यावरून आत नातूबागेत. दुपारच्या उन्हात छपराखाली राहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, कुलपं, वाद्यं, कोरीव दरवाजे, आणि लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं, 1975 साली ते राज्य सरकारच्या हवाली केलं. मुलांना एकच काम द्या, सगळ्यात चमत्कारिक अडकित्ता शोधा म्हणावं, दोघं एकेक काच धुंडाळतील. जिने मात्र आहेत, सासूबाईंना खालच्याच दालनात बसवा.

पाचनंतर लक्ष्मी रोड. सासूबाईंची साडी, मुलांचे कपडे जे काय असेल ते यादी करूनच जा आणि दोनच दुकानं ठरवा, पाच दुकानं हिंडलात तर घेतलेल्या साडीपेक्षा सोडलेलीच डोक्यात राहते. वेळ उरला तर अप्पा बळवंत चौक, मुलांसाठी मराठी पुस्तकं जरूर घ्या. इंदूरला मुलं हिंदी-इंग्रजीत शिकत असणार, घरात मराठी बोललं तरी वाचायला हाताशी काही नसतं, त्यामुळे कपडे एक जोडी कमी घ्या पण पुस्तकांची पिशवी भरून न्या असं मी अगदी कळकळीने सांगेन. शेवटी मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध), आंब्याची, मुलांना दोघांत एक पुरते.

बुधवारी चिंचवड. वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे बदलून पिंपरी, पुढे रिक्षा. सकाळी मोरया गोसावींची समाधी, पवनेच्या काठावर आहे, गर्दी नसते, सासूबाईंना आवडेल. मुलांना चिंचवडचं सायन्स पार्क दाखवता येईल. मग दुपार मैत्रिणीकडे आणि संध्याकाळी परत. (बुधवारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय बंद असतं, मुलं हट्ट धरतील तर दुसऱ्या दिवशी घाला.)

गुरुवारी सिंहगड आणि सिंहगड रोडची मैत्रीण, दोन्ही एकाच वाटेवर. शनिवार-रविवार गडावर जाऊच नका, घाटात गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेत उन्हात मुलांचे हाल होतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे साडेपाचला घर सोडा, सातच्या आत वर. मे महिन्यात पायथ्यापासून चढायचं म्हणाल तर एवढ्या लहान मुलाला घेऊन मी नको म्हणेन, वाहनाने वर जा. पुणे दरवाजा, देवटाकं, टिळकांचा बंगला, राजाराम महाराजांची समाधी, तानाजींची समाधी असं सावकाश फिरा. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीची गोष्ट मुलांना आदल्या दिवशी घरीच सांगून ठेवा, मग त्या कड्याशी उभं राहिल्यावर त्यांचे चेहरे बघा. देवटाक्याचं थंडगार पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी, हे तिथल्या गावकरी बायकांकडे खा, त्यांचा संसार त्यावर चालतो, त्यामुळे भाव करू नका. करवंदं द्रोणात मिळतात, बोटं चिकट होतात, होऊ द्यात. सासूबाईंना या दिवशी वर न नेता थेट मैत्रिणीकडे सोडलं तर उत्तम. दहाला गड उतरायला लागा, अकरापर्यंत तुम्हीही मैत्रिणीच्या घरी.

शुक्रवारी विमाननगर, मेट्रोने थेट रामवाडी. वाटेवर आगाखान पॅलेस आहे, तो सकाळी करा. भारत छोडो आंदोलनात ऑगस्ट 1942 ला गांधीजींना पकडून इथेच ठेवलं होतं, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथेच सहा दिवसांत गेले आणि कस्तुरबा फेब्रुवारी 1944 मध्ये, दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. झाडी भरपूर, आवार मोठं, मुलांना पळायला मोकळं. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात जे दोन ओळींत येतं ते इथे खोलीत उभं राहून कळतं, म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला इथे धाडते.

शनिवारी तिघी मैत्रिणींना एकत्र आणा, हे तुमच्या तक्त्यात नव्हतं. एकेकीकडे जाणं वेगळं आणि सगळ्या एका जागी जमणं वेगळं. फर्ग्युसन रोडला नाश्ता करायचा असेल तर सकाळी साडेसातला भेटा, नऊनंतर बाहेर नावं लिहून उभं राहावं लागतं आणि मागचे लोक टेबलाकडे बघत असले की गप्पा रंगत नाहीत. त्यापेक्षा नणंदेच्या गच्चीवर संध्याकाळी भेळ आणि पन्हं करा, तुम्ही आणलेली इंदुरी शेव त्यात घाला. मुलांना त्या वेळी नणंदेबरोबर बालनाट्याला पाठवता येईल, सुट्टीत बालगंधर्व, भरत नाट्य, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण इथे प्रयोग लागतात, तिकिटं दोन दिवस आधी काढायची.

वळवाचं लक्षात ठेवा. मे महिन्यात चारच्या सुमाराला एकदम अंधारून येतं, वारा सुटतो, जुन्या रस्त्यांवर फांद्या पडतात, वीज जाते. गच्चीचा कार्यक्रम ठरवताना आत बसायचीही सोय बघून ठेवा. आणि पाऊस सुरू झाला तर अर्धा तास दुकानात थांबा, झाडाखाली थांबू नका.

आता आंबे. हे शनिवारी सकाळीच उरकायचं, रविवारवर टाकू नका. मार्केट यार्डात पणन मंडळाचा आंबा महोत्सव त्या वेळी चालू असला तर तिथे जा, कोकणातले बागायतदार स्वतः बसलेले असतात आणि कुठल्या गावचा माल ते सरळ सांगतात. बाहेर हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा सर्रास विकतात. तोही वाईट नसतो पण तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने मिळायला हवा. देठाशी वास घ्या, रत्नागिरी-देवगडचा हापूस कापायच्या आधी घमघमतो, साल पातळ, आतून केशरी. पेटीतला वरचा थर बघून घेऊ नका, खालच्या थरातला एक काढून दाखवा म्हणायचं, चांगला माणूस नाही म्हणत नाही. एखादा कापायला लावून साका (गरात पडलेला पांढरट, आंबट भाग) नाही ना तेही बघा, बाहेरून तो ओळखू येत नाही. तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात येताय, तोवर हापूस उतरणीला लागलेला असतो, म्हणून हापूस दोनच डझन घ्या आणि रसासाठी पायरी घ्या, स्वस्त पडते आणि रसाला माझ्या मते तीच खरी. प्रवासासाठी कडक, नुकता रंग धरू लागलेला माल मागा, तयार आंबा गाडीत दबतो. पेटीत गवत भरपूर घालायला सांगा, गाडीत बर्थखाली आडवी न करता सरळ ठेवा, वर बॅगा नकोत. इंदूरचं ऊन आपल्याकडच्यापेक्षा कडक, तिथे पिकायला वेळ लागणार नाही, पोचल्या पोचल्या पेटी उघडून आंबे गवतावर एका थरात मोकळे ठेवा आणि रोज सकाळी हाताने चाचपून तयार झालेले बाजूला काढा.

तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यातल्या बालनाट्यांच्या वेळा मी पेपरात बघून कळवते.