हवेचा कूलर की लिक्विड कूलर?

प्रश्न : गेमिंगच्या संगणकासाठी रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर घेतला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेचा कूलर पुरेल का, की लिक्विड कूलर घ्यावा? घराशेजारी यंत्रमाग आहेत.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण हवेचाच कूलर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. लिक्विड कूलरमधील द्रवही अखेर रेडिएटरमार्फत, म्हणजे पंखे बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या चौकटीमार्फत, खोलीतल्या हवेलाच उष्णता देतो; त्यामुळे खोलीत ४० अंश सेल्सिअस तापमान असताना कोणताही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेऊ शकत नाही. आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ अंश आहे आणि गेम खेळताना तो वीजही बेताचीच घेतो, म्हणून चांगला टॉवर कूलर, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा मनोरा आणि पंखा असलेला हवेचा कूलर, त्याला पुरतो.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती यंत्रमागांतून उडणाऱ्या कापसाच्या तंतूंची. ते टॉवरच्या पात्यांत अडकतात तसेच रेडिएटरमध्येही अडकतात. परंतु टॉवरचा पंखा सहज काढून ब्रशने सफाई करता येते आणि पंखा बिघडल्यास तेवढाच बदलता येतो, तर तयार लिक्विड कूलरचा पंप बंद पडल्यास बहुधा संपूर्ण संचच बदलावा लागतो. कॅबिनेट मात्र पुढे धूळजाळी असलेले, कूलरची उंची मावेल असे निवडावे आणि ती जाळी दर आठवड्याला झटकावी.