खांदे भरले, काटा वाढला. व्यायाम थांबवू का?

प्रश्न : वय 38. तीन महिन्यांपासून जिममध्ये स्क्वॉट (वजन घेऊन उठबशा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून उभं राहणं) करते. सलवारीची नाडी जास्त आवळावी लागते, पण वजन मात्र दीड किलोनं वाढून 61 झालंय. ब्लाउजच्या बाह्या दंडात घट्ट होतात. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला असे खांदे शोभत नाहीत. शिवाय डेडलिफ्टनंतर कंबर धरते. थांबवू का?

उत्तर : थांबवू नका. आधी कंबरेचं बघू, कारण ते तातडीचं आहे. रॉडच्या टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या म्हणजे प्लेट. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. 5 किलोच्या लहान प्लेट लावल्या की तो खाली जातो आणि त्याला हात पोचवताना पाठीला बाक येतो. नवशिक्या बायकांची कंबर बहुधा इथेच धरते. म्हणून लहान प्लेटखाली ठोकळे ठेवून रॉड नडगीच्या मध्यापर्यंत वर घ्या. रॉड पावलांच्या मधोमध, नडगीपासून बोटभर अंतरावर हवा. नितंब मागे, हात सरळ, काखा घट्ट. पोटात श्वास भरून तो धरा आणि पायांनी जमीन खाली रेटा. रॉड मांड्यांना घासतच वर यायला हवा; तो पुढे गेला की सगळा भार कंबरेवर येतो. खांद्यांआधी नितंब वर उठत असतील तर वजन कमी करा. पाच-पाच वेळा उचलण्याचे तीन सेट (फेऱ्या) नीट जमले, तरच पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो वाढवा. कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

आता काटा. व्यायामानंतर स्नायू ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. त्यामुळेही काटा वर जातो. नाडी आवळावी लागतेय, म्हणजे पोटाचा घेर उतरतोय. तोच मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय स्त्रीसाठी 80 सेंटिमीटरच्या आत असणं चांगलं.

‘पुरुषी’ होण्याची भीती निराधार आहे. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूनं 49 किलो वजनी गटात एकूण 202 किलो उचलले. त्याच स्पर्धेत 87 किलोवरील गटात चीनच्या ली वेनवेननं 320. एक चणीनं लहान, दुसरी धिप्पाड, आणि दोघींची ताकद अस्सल. तेव्हा बाह्या उसवून घ्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आई 58 वर्षांची आहे, जिमला येणार नाही. घरी काय करावं?

उत्तर : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठचे तीन सेट, एक दिवसाआड. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, जमू लागलं की उशी काढा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली. धपकन बसलं तर स्नायूंना काम उरत नाही. मग छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी धरायला द्या.