मंदीत धंदा काढावा का?

‘मॅडम, नोकरी गेलीय, बाजार पडलाय आणि हे म्हणतात धंदा काढू. आत्ता काढावा का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. बाजार कधी सुधारेल हे मी सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी थांबूही नका, असं मात्र सांगते. आधी घर किती महिने तग धरेल ते बघू.

२०१९ मध्ये आलेलं एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घटली होती. बिगरबँक वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला, गाड्यांची कर्जं अडली आणि झळ थेट भोसरी-चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत पोचली. यातला नवरा तिथेच कंत्राटावर सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कटाईचं मशीन, चालवायचा. आधी ओव्हरटाइम थांबला, मग ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, मग कामच गेलं.

पीएफ काढायचा, बायकोचे दागिने गहाण टाकायचे, भाड्याने गाळा घेऊन पोळी-भाजी केंद्र सुरू करायचं, असा त्याचा बेत. बायको शेजारच्या दोन-तीन घरांना आधीपासूनच पोळ्या करून द्यायची. ती म्हणे, ‘दागिने नाही.’ त्याला ऐकू येई, ‘तुमच्यावर भरवसा नाही.’ रोज रात्री भांडण.

मी त्याला विचारलं, ‘दादा, पोळ्या तर घरीही होतायत. मग गाळा कशाला?’ बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘बोर्ड लागला की लोक विचारायचं तरी थांबतील, सध्या काय करतोस म्हणून.’ तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे गाळ्याचं डिपॉझिट धंद्यासाठी नव्हतंच, ते लोकांची तोंडं बंद करण्यासाठी होतं. मंदीत माणसं अशाच खर्चाने बुडताना मी पाहिली आहेत. त्याला दोष देत नाही. कमावत्या माणसाचं काम सुटलं की त्याला गल्लीतून चालणंही जड जातं, आणि हे घरात कुणी बोलून दाखवत नाही.

मग कागद घेतला. किराणा, घराचा हप्ता, शाळेची फी, आईची औषधं. महिन्याची बेरीज करून तिला सहाने गुणलं. तेवढे पैसे तिच्या खात्यात ठेवायचे आणि धंद्यासाठी ते नाहीतच असं धरायचं. उरलेल्यात गाळा बसत नव्हता, स्वयंपाकघर बसत होतं. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर अन्नपरवान्याची साधी नोंदणी तेव्हा १०० रुपयांत व्हायची, ती केली. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं, पण ते ऑर्डरी बांधल्या गेल्यावरच घ्यायचं ठरलं. रिकाम्या हाताने घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता घरखर्चातूनच जातो.

उधारीवर मात्र मी हटून बसले. एका मेसने रोजच्या पोळ्या मागितल्या, पैसे महिनाअखेरीला. एवढी मोठी ऑर्डर सोडवेना. शेवटी दर शनिवारी हिशोब आणि एका आठवड्याच्या वर बाकी नाही, या बोलीवर दिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ती मेस एका रात्रीत बंद पडली. बुडाले ते फक्त त्या आठवड्याचे पैसे. गाळ्याचं भाडं डोक्यावर नव्हतं. सोसायट्यांत स्वयंपाकाच्या बायकांना आत सोडेनात, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडून डब्यांची विचारणा सुरू झाली आणि गेटवर डबे पोचवायचं काम त्यानेच घेतलं. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा कंत्राटी काम मिळालं, तो गेला. पोळ्यांचं काम ती आता हाताखाली दोघींना घेऊन करते. दागिने घरीच आहेत.

तुमच्याही घरात हा वाद चालू असेल तर नवरा-बायको दोघं मिळून या. येताना पासबुक, हप्त्यांचे कागद आणि धंदा सुरू केला असेल तर उधारीची वही बरोबर आणा.